ओहोटीतली बाळंतखोली

बोईसरच्या पश्चिमेस, खाडी जिथे समुद्राला मिळते त्या वळणावर, नवेकुरण नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी फार मागे सरते, तेव्हा तिवराच्या झाडांच्या रांगेपलीकडे चिखलाचे एक करडे, चकाकणारे मैदान उघडे पडते. पाच-सहा घटकांपुरतेच ते उघडे असते. तेवढ्या अवधीत गावातील स्त्रिया ओणव्या होऊन शिवल्या, म्हणजे चिखलात राहणारे शिंपले, खणतात, टोपल्या भरतात आणि भरतीचे पाणी घोट्याला लागले की परततात. वत्सलाबाईंनी हे काम बावन्न वर्षे केले होते. त्यांच्या खुरप्याची मूठ चार वेळा बदलली होती, पाते तीन वेळा. तरीही सासूने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हाती दिलेले खुरपे ते हेच, असे त्या सांगत, आणि सांगताना त्यांच्या मनात तिळमात्र संशय नसे.

मैदानाच्या दक्षिण टोकास, खाडीच्या कुशीत, दीडेक एकराचा एक पट्टा होता. तेथे कोणी खणत नसे. खणणे राहोच, कोणी पाऊलही टाकीत नसे. स्त्रिया त्याला बाळंतखोली म्हणत. तेही आपसांत आणि हलक्या आवाजात. शिवलीचा जीव तेथे जन्मतो, तिळाएवढा असेपर्यंत तेथेच राहतो आणि अंगात बळ आले की लाटेसंगे बाहेरच्या मैदानावर येतो, असे पिढ्यांचे सांगणे होते. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचे पाऊल पडू नये, हा नियम जसा घरी, तसाच खाडीत. ज्या स्त्रीचे पाऊल त्या पट्ट्यात पडेल तिने त्याच दिवशी आपले खुरपे खाली ठेवावे आणि पुन्हा जन्मात उचलू नये, एवढेच त्याचे प्रायश्चित्त होते. त्यात राग नव्हता, निंदा नव्हती. सुतक पाळावे तसे ते पाळायचे.

वत्सलाबाई नव्या नवरी असताना त्यांनी ते एकदा डोळ्यांनी पाहिले होते. त्यांची चुलत सासू चंद्रकांता, चिखलात रुतून रडणाऱ्या कोणाच्या तरी मुलीला ओढून काढण्यासाठी, कमरेपर्यंत त्या पट्ट्यात शिरली होती. मुलगी वाचली. संध्याकाळी चंद्रकांताने कोणी सांगण्याआधीच खुरपे किनाऱ्याच्या बांधावर ठेवले आणि पुढली अठ्ठावीस वर्षे ती दुसऱ्यांच्या शिवल्या निवडीत बसली. तिला कोणी बोल लावला नाही. आणि तिला कोणी सूटही दिली नाही.

हे सर्व आठवण्याचे कारण असे, की ती बाळंतखोली आता वत्सलाबाईंच्याच एका शब्दाने धोक्यात आली होती.

आश्विनातल्या अष्टमीला ललित नावाचा एक तरुण हातात नकाशा घेऊन गावात आला होता. तो सरावलीत भाड्याने राहत असे आणि किनाऱ्याच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीस होता. मुलगा विनयशील होता. चपला बाहेर काढून ओटीवर बसला, पाणी मागून प्यायला. मग नकाशावर एकेका ठिकाणी बोट ठेवून तो विचारीत गेला, इथे काय होते, तिथे कोण जाते. शेवटी त्याचे बोट दक्षिणेच्या पट्ट्यावर आले.

"आणि हा भाग, मावशी? याचा काय उपयोग?"

"कसला उपयोग?" त्या तोंड फिरवून म्हणाल्या. "घाण चिखल हाय तो. पडलेली जागा. कुत्रंबी जात नाय तिथं."

हे असत्य त्यांनी भीतीने वा लोभाने सांगितले नव्हते. आपले जे फार लाडके, त्याला परक्यासमोर नावे ठेवायची, म्हणजे दृष्ट लागत नाही, ही त्या घरांची रीत. त्यांच्या स्वतःच्या ज्ञानेशला पाच वर्षांचा होईपर्यंत सारा गाव केरू म्हणून हाक मारीत असे. तो आता तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि त्याला कोणी केरू म्हटले तर चिडतो; पण धडधाकट आहे. वत्सलाबाईंनी बाळंतखोलीला घाण म्हटले ते त्याच मायेने. ललितने ते कागदावर लिहून घेतले आणि खाली त्यांची सही घेतली.

मार्गशीर्ष वद्य पंचमीस मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यांच्या शेडमध्ये सभा भरली. मागे मोठा फलक लावला होता: 'लोकसहभागातून किनारा संवर्धन'. पालघरजवळच्या कोळगावच्या कचेरीतून खंडेराव नावाचे अधिकारी आले होते. केस पांढरे, आवाज शांत, बोलताना समोरच्याकडे पाहण्याची सवय असलेला माणूस. ललितने योजना समजावून सांगितली. दूर कुठेतरी एका रस्त्यासाठी तिवरे तोडली गेली होती; त्यांची भरपाई म्हणून नवेकुरणात पंधरा हजार रोपे लावायची, भोवती कुंपण घालायचे, रोपे वाढविण्याचे काम गावातील स्त्रियांना द्यायचे. अमावास्येनंतर काम सुरू.

"जागा निवडताना आम्ही गावाच्या शब्दाबाहेर गेलो नाही," तो अभिमानाने म्हणाला आणि त्याने नकाशावर काठी टेकविली. "दक्षिणेचा हा पट्टा. वापर नाही, जीवसृष्टी विरळ. गावातील ज्येष्ठ महिलेने स्वतः सांगितलेले आहे."

शेडमधील सगळ्या स्त्रियांच्या माना एकाच वेळी वत्सलाबाईंकडे वळल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या. "त्या पट्ट्यात रोप लावायचं नाय."

"का बरे, मावशी?"

"शिवल्यांचं बी हाय त्यात. शंभर माणसं खड्डे खणाय उतरली का सगळं तुडवून मरंल. त्यातूनबी रोपं जगली तर मुळांत गाळ धरंल, जमीन वर येईल. मग पाणी नाय, बी नाय. दोन वर्षांनी बाहेरच्या मैदानात खणाय जाल तर नुसती रिकामी शिंपटी मिळतील."

"पण तुम्हीच तर म्हणालात, पडलेली जागा आहे."

"खोटं बोलले मी."

शेडमध्ये हशा पिकला. सोसायटीचे अध्यक्ष धर्माजी सर्वांत मोठ्याने हसले. ते नात्याने वत्सलाबाईंचे धाकटे दीर लागत. "घ्या! वहिनी, तेव्हा खोटं बोललीस का आता बोलतेस, ते तरी ठरव. साहेब कोळगावहून आलेत, तुझा खेळ बघाय नाय."

"तू गप बस, धर्माजी. तुला तिवर लावायचाच असंल तर तुझ्या कोळंबीच्या तळ्यात लाव. तिथंच तोडलास ना?"

हशा एकदम थांबला. सात वर्षांपूर्वी धर्माजींनी खाडीकाठच्या, भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या सरकारी खाजण जमिनीत बांध घालून, आतली तिवरे काढून कोळंबीची तळी केली होती. रोग आला, कोळंबी मेली, तळी सुकून भेगाळली. बांध मात्र तसाच उभा होता आणि आत पाण्याचा थेंब येऊ देत नव्हता. गावात प्रत्येकाला ते ठाऊक होते. फक्त ललितच्या नकाशावर ती जागा 'खाजगी' म्हणून दाखविली होती, कारण ती दाखविताना त्याच्या शेजारी धर्माजी उभे होते.

"त्याचा इथे काय संबंध?" धर्माजी गुरगुरले.

खंडेरावांनी हात वर केला. "बाई, तुमचा शब्द मी मानतो. पण कागद शब्दावर बदलत नाही. आमच्या पाहणीत त्या पट्ट्यात काही आढळले नाही."

"पाहणी कुठल्या दिवशी केली?"

ललितने वही चाळली. "तुमच्याशी बोललो त्याच दिवशी दुपारी."

"अष्टमीला!" मागून कोणी तरी स्त्री खुदकन हसली. वत्सलाबाई मात्र हसल्या नाहीत. "बाबा, अष्टमीला भांगाचं पाणी असतं. ओहोटी धड लागतच नाय. तो पट्टा त्या दिवशी पाण्याखाली होता. तुमी कडेकडेचा चिखल काढून नेला असंल."

ललितचा चेहरा उतरला. त्याने कचेरीच्या सुट्या बघून दिवस ठरविला होता. पंचांग बघावे असे त्याला कोणी शिकविले नव्हते.

"मग अमावास्येला आमची माणसे फळ्या घेऊन आत उतरतील आणि नमुने घेतील," खंडेराव म्हणाले. "हे रास्त झाले ना?"

"नाय. तुमचं माणूस आत उतरणार नाय."

"तुम्ही पुरावा घेऊ देत नाही आणि कागद बदला म्हणता. मग पुरावा देणार कोण?"

वत्सलाबाईंनी पदर खोचला. "मी. अमावास्येला, दिस उगवायच्या वेळेला. तुमी बांधावर उभं राहा. त्या फलकावर लोकसहभाग लिहिलाय ना? आतापर्यंत आमचा सहभाग खड्डे खणण्यापुरता होता. आता बघा."

बाहेरच्यांना हे एक साधे आव्हान वाटले. स्त्रियांना त्याचा खरा अर्थ कळला होता, म्हणून त्यांतील एकही टाळी वाजवीना.

घरी सुनेने, सुगंधाने, भाकरी थापता थापता विषय काढला.

"आय, तुमी कशाला? त्या ललितला जाऊ द्या ना आत. त्याला कुठं खुरपं ठेवायचंय? त्याचं काय जातंय?"

"बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष पाठवू?"

"मग मी जाते. माझ्याकडं पोरं हायत, पण ह्यांची नोकरी हाय. तुमचं मन लागणार नाय खुरप्याबिगर. दोन दिवस ताप आला होता तर तुमी पलंगावरून ओहोटी विचारत होता."

वत्सलाबाई चुलीतले लाकूड मागे ओढीत म्हणाल्या, "तुझी अजून तीस वर्षं खणायची हायत. माझी किती? आणि बोललं कोण? जी बोलली तिनंच निस्तरायचं."

दुसऱ्या दिवशी धर्माजी ओटीवर येऊन बसले. सभेतला ताठा त्यांनी घरी ठेवला होता. त्यांनी चहा घेतला, ज्ञानेशच्या पाळीची चौकशी केली आणि मग हळूच मुद्द्यावर आले. "वहिनी, मी पाच जणांशी बोललोय. गावाचं काम हाय, तुझं घरचं नाय. देवीला नारळ देऊ, ओटी भरू. एकदा आत जाऊन ये, खुरपं ठेवू नको. कोण तुला नाव ठेवणार नाय. नियम काय, माणसांनीच केलेला."

हा माणूस आपल्यावर दया करतो आहे, की आपल्याकडून काही काढून घेतो आहे, हे वत्सलाबाई तोलत होत्या. मग त्यांना ते स्वच्छ दिसले.

"चंद्रकांता आत्यानं पोरीचा जीव वाचवला, तरी खुरपं ठेवलं. तिला सूट नाय दिली, ती मी घेऊ? आज माझ्यासाठी नियम वाकला, तर उद्या तूच त्या साहेबाला सांगशील, आमच्याकडं नियम वाकतो, नारळ दिला का झालं. मग ते दोन नारळ घेऊन येतील आणि कुंपण घालतील. चहा संपव आणि जा."

धर्माजींनी कप खाली ठेवला. "हट्टी हायस."

"हाय."

अमावास्येच्या पहाटे वारा उत्तरेचा होता. दवाने बांधावरचे गवत ओले झाले होते. खंडेराव आणि ललित वेळेपूर्वीच आले. मोटार त्यांना तिवराच्या अलीकडेच सोडावी लागली आणि खंडेराव बूट हातात घेऊन बाकीची वाट चालले. गावातील तीस-पस्तीस स्त्रिया बांधावर उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कमरेला खुरपे. पुरुष त्यांच्या मागे उभे होते. पाणी सरत होते. प्रथम मैदान उघडे पडले, मग दक्षिणेचा पट्टा, आणि पट्ट्यावर शेकडो तुतवार पक्षी उतरून चिखलात चोची खुपसू लागले.

"जागेत काय नाय म्हणता, आणि हे काय उपास सोडाय आलेत?" एका म्हातारीने ललितला ऐकू जाईल असे म्हटले.

वत्सलाबाईंनी सोबत तांदूळ धुण्याची वेताची रोवळी आणली होती. त्यांनी खुरपे सुगंधाच्या हाती दिले. खणण्याचे हत्यार त्या आत नेणार नव्हत्या. तेवढी मर्यादा त्यांनी राखली. मग त्या बांधावरून उतरून पट्ट्याच्या कडेशी गेल्या, वाकून हाताने चिखलाला स्पर्श केला आणि तो हात कपाळाला लावला. बावन्न वर्षे ज्या रेषेवरून त्यांनी पाय मागे घेतला होता, त्या रेषेवर त्या क्षणभर थांबल्या. तळपायांना रेषा ठाऊक होती. अंधारातही ते पाय तेथे आपोआप वळले असते. त्यांना आज्ञा करून पुढे टाकावे लागले.

पक्षी एकदम उडाले. चिखल प्रथम घोट्याला, मग पोटरीला, मग गुडघ्याला लागला. बाहेरच्या मैदानासारखा तो खरखरीत नव्हता; लोण्यासारखा मऊ आणि थंडीतही किंचित उबदार होता. पाय ठेवावा तिथे काहीतरी बारीक चुरचुरत होते. आपण काय तुडवीत आहोत हे त्यांना कळत होते आणि प्रत्येक पावलागणिक त्या मनात क्षमा मागत होत्या. पण मान त्यांनी ताठ ठेवली होती.

पंधरा पावलांवर त्या थांबल्या. दोन्ही हातांनी चिखल रोवळीत भरला, जवळच्या डबक्यात ती हलवून हलवून धुतली. गढूळ पाणी निघून गेले. त्यांनी रोवळी उंच धरली. "ललित! कडेला ये. आत नाय, कडेला."

ललित रेषेपर्यंत धावत गेला. मागून खंडेरावांनी सांगितले, "ललित, तूही आत जा. एक नमुना आपल्या हाताने घेतलेला असू दे, नाहीतर वरचे लोक अहवाल मानणार नाहीत."

ललितने विजार गुडघ्यावर दुमडली.

"येऊ दे!" वत्सलाबाई आतून ओरडल्या. "पण नियम त्यालाबी हाय. आत पाऊल पडलं का आपलं हत्यार खाली ठेवायचं, जन्मभराचं. ज्याच्यावर पोट भरतं ते. माझं खुरपं सुनेच्या हातात हाय, ते आज ठेवायचंय. त्याचं हत्यार कुठलं, साहेब? आणि तुमचं?"

ललितने छातीशी धरलेल्या वहीकडे पाहिले. वहीच्या कण्यात त्याचे पेन होते. त्याने मागे वळून स्त्रियांच्या रांगेकडे पाहिले, मग सुगंधाच्या हातातल्या झिजलेल्या खुरप्याकडे, आणि तेव्हा त्याला कळले की ही म्हातारी आज काय घालवून बसली आहे.

"मावशी, तुम्ही..." त्याने दुमडलेली विजार खाली सोडली. "मला हे कोणी सांगितले नाही."

"तू विचारलंस, उपयोग काय. राखायचं काय, ते नाय विचारलंस. आणि मीबी नाय सांगितलं. चूक दोघांची. आता रोवळी धर आणि मोज."

वत्सलाबाईंनी कडेशी येऊन रोवळी त्याच्या हाती दिली. खंडेराव स्वतः कडेपर्यंत आले. त्यांनी पुन्हा आत जाण्याचे सुचविले नाही. रोवळीत तळापासून काठापर्यंत तांदळाएवढ्या, तिळाएवढ्या, काही मसुरीएवढ्या शिवल्या होत्या. पांढुरक्या, करड्या, हळदीच्या छटेच्या, आणि सगळ्या जिवंत. ललितने एक मूठ वहीच्या पुठ्ठ्यावर पसरून मोजायला सुरुवात केली. शंभरापर्यंत आला, दोनशेपर्यंत आला, मग त्याचे बोट चुकले आणि त्याने पुन्हा आरंभ केला. तिसऱ्या वेळी तो थांबला आणि खंडेरावांना म्हणाला, "साहेब, माझी पाहणी चुकली आहे. तसे मी लिहून देतो."

"पुरे झाले, बाई. आता बाहेर या," खंडेराव म्हणाले.

"पुरे कसं? अजून हद्द कुठं घातलीय?" वत्सलाबाईंनी ओली बोटे बांधाकडे केली. "सुगंधा, खुंट आण. एकदा पाय पडलाच हाय तर पुरता पडू दे. परत कुणाला यायला नको."

हे मात्र गावालाही ठाऊक नव्हते. सुगंधाने सासूच्या सांगण्यावरून रात्रीच बांबूचे खुंट तासून ठेवले होते. स्त्रियांनी ते हातोहात रेषेपर्यंत आणले, आणि वत्सलाबाई एकेक खुंट छातीशी धरून, गुडघाभर चिखलातून, पट्ट्याच्या आतल्या कडेने चालू लागल्या. कुठे पट्टा वळतो, कुठे संपतो, हे तोवर कोणीही आतून पाहिले नव्हते; त्या पायाच्या तळव्याने चाचपून खुंट रोवीत गेल्या. दोनदा पडल्या. दुसऱ्या वेळी सुगंधाचा पाय रेषेकडे झेपावला, तेव्हा त्यांनी चिखलाने माखलेला हात उगारला. "तिथंच राहा! तुला उद्या खणायचंय."

सुगंधा जागच्या जागी थांबली आणि रडत रडत हसली.

शेवटचा खुंट रोवेपर्यंत भरतीचे पाणी पुन्हा चढू लागले होते. वत्सलाबाई बाहेर आल्या तेव्हा कमरेपर्यंत चिखलाने सारवलेल्या होत्या आणि थंडीने त्यांचे दात वाजत होते. कोणी शाल टाकली, कोणी चहा आणला. त्यांनी आधी नकाशा मागितला.

"पडीक लिहिलंय ते खोडा. माझ्यासमोर."

खंडेरावांनी ते स्वतः खोडले. "त्या जागी काय लिहू? या पट्ट्याचे नाव काय?"

वत्सलाबाईंच्या मागे स्त्रिया हलल्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्या ओठांवर होते.

"नाव आमच्यापाशी राहील. तुमी लिवा, इथं कुणी पाऊल टाकू नये, नियम गावातल्या बायांचा. आणि इथली राखण आमी करणार, पाहणीचे दिवस आमी ठरवणार, पंचांग बघून. कुंपण नको. खुंट पुरे."

"आणि पंधरा हजार रोपे? ती मला कुठेतरी लावावीच लागतील."

"तिवर वाईट नाय, साहेब. तिवर नसता तर हे गाव कधीच वाहून गेलं असतं. पण तो जिथला त्याला तिथं बोलवा." त्यांनी खाडीच्या वरच्या अंगाला, सुकलेल्या तळ्यांकडे हात केला. "तो बांध फोडा. पाणी आत शिरू द्या. आजूबाजूच्या झाडांचं बी भरतीसंगं आपणच जाईल. तुमची रोपं लावा, पण पाण्याला आधी वाट द्या."

खंडेरावांनी मागे वळून धर्माजींना विचारले, "ती जागा तुमची खाजगी, असे नकाशात आहे. कागद आहेत?"

धर्माजी नकाशापासून मागे सरकले.

त्या सकाळी, सगळे पांगण्यापूर्वी, वत्सलाबाईंनी सुगंधाकडून खुरपे घेतले. मूठ पदराने पुसली. ज्या ठिकाणी चंद्रकांताने ठेवले होते त्याच ठिकाणी, बांधावरच्या दगडाशी, त्यांनी ते पात्याकडून मातीत टेकविले आणि हात काढून घेतला. तीस-पस्तीस स्त्रियांनी आपापली खुरपी कमरेतून काढून कपाळाला लावली. धर्माजी जरा दूर उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

पुढल्या उधाणाला स्त्रिया मैदानात उतरल्या तेव्हा वत्सलाबाई बांधावर बसल्या होत्या. समोर खुंटांची ओळ पाण्यातून एकेक करून वर येत होती. त्यांचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता आणि बोटे अधूनमधून आपोआप वळत होती, जणू चिखलात काही सापडले आहे. ते लक्षात आल्यावर त्यांनी तो हात दुसऱ्या हाताखाली घेतला. सुगंधाने खालून ओरडून विचारले, "आय, इथं खणू का अजून दोन हात पलीकडं?" त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेतला. "पलीकडं. तिथं वाऱ्यानं चिखल गार राहिलाय." आणि खरोखरच तेथे शिवल्या मोठ्या निघाल्या.

माघ महिन्यात परवानगीचा कागद आला. खाजण सरकारचे होते, धर्माजींचे नव्हते, हे कोळगावच्या कचेरीत सिद्ध झाले होते. ठरलेल्या दिवशी, पौर्णिमेच्या भरतीआधी, खंडेराव, ललित आणि गाव असे सगळे कोळंबीच्या तळ्यांपाशी जमले. बांधाच्या मधोमध धर्माजी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे होते.

"हा बांध माझ्या घामाचा हाय," ते म्हणाले. "बघू कोण हात लावतंय."

ललितने खंडेरावांकडे पाहिले. खंडेरावांनी खिशातल्या कागदाकडे हात नेला. तेवढ्यात वत्सलाबाई पुढे झाल्या. बांधाच्या पायथ्याशी पडलेली कुदळ त्यांनी उचलली. ती जड होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

धर्माजींना हसू आले. "वहिनी, तू तर हत्यार ठेवलंस. सगळ्या गावासमोर. आता हे काय?"

"खुरपं ठेवलं, धर्माजी. हात नाय ठेवले." त्या त्यांच्यापासून एका पावलावर येऊन थांबल्या. "खाडीला वाट हवीय. बाजूला हो, नायतर तुझ्या पायाशी घाव घालते."

धर्माजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा त्यांच्या मागे कुदळी घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रियांकडे. मग ते बांधावरून खाली उतरले, तळ्याच्या बाजूला नव्हे, खाडीच्या बाजूला.

पहिल्या घावाला मातीचे ढेकूळ तेवढे निघाले. दुसऱ्याला जुन्या, तोडलेल्या तिवराचे काळे मूळ दिसले. वत्सलाबाईंनी श्वास घेतला, कुदळ पुन्हा उचलली, आणि बाकीच्या स्त्रियांनी त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा घेतली. दुपारी भरती चढली तेव्हा त्या कापलेल्या खाचेतून पाण्याची पहिली धार आत शिरली, सात वर्षांच्या भेगांत क्षणभर हरवली, आणि मग तळाच्या मातीवर पसरत, वाटेतला पाचोळा आणि तिवराच्या दोन हिरव्या बिया पुढे ढकलीत, सावकाश आत चालू लागली.